चौसष्टावी बादली

"दोन-दोन बादल्या कशाला गं इंदे?" गिरजाबाईनं चुलाणात लाकूड सारता सारता विचारलं.

"एक माझी, एक मंदीची. ती वेणी सोडतेय. येईल एवढ्यात."

"रोज तर तीच पहिली उठती. आज बरी महाराणी झाली!"

मी ओळीत तिसऱ्या जागेवर मंदाकिनीची बादली ठेवली, तिच्यामागं माझी ठेवली आणि उगाचच पदराला हात पुसले. हात कोरडेच होते. मंदाकिनी घुगे त्या वेळी मनमाडच्या कितीतरी पुढं, दिल्लीच्या गाडीत, बायकांच्या डब्यात बसलेली होती. आणि हे सबंध वसतिगृहात फक्त मला ठाऊक होतं.

सत्त्याहत्तर सालचा फेब्रुवारी. विद्यापीठ तेव्हा नवंच होतं, पण आमचं मुलींचं वसतिगृह मात्र जुन्या इमारतीत होतं. कुणा जहागीरदाराच्या घोड्यांचा तो तबेला. खोल्यांच्या भिंतींत घोडे बांधायच्या लोखंडी कड्या तशाच होत्या, त्यांना आम्ही दोऱ्या बांधून कपडे वाळत घालायचो. पोरं आम्हाला मागून 'तबेल्यातल्या' म्हणायची आणि आम्ही ऐकू न आल्यासारखं करायचो. पोरी चौसष्ट, न्हाण्या आठ, आणि चुलाणावर एकच मोठं लोखंडी पिंप. गरम पाणी माणशी एक बादली, त्याच्यावर थेंब नाही. पहाटे साडेपाचला व्हरांड्यात बादल्यांची ओळ लागायची. प्रत्येक बादलीवर तेलरंगानं खोलीचा नंबर आणि नावाचं अक्षर. बादली ओळीत आहे म्हणजे पोरगी ओळीत आहे, असा आमचा रिवाज. ती खुशाल खोलीत जाऊन घोरत पडो, तिच्या बादलीला कुणी धक्का लावत नसे.

आणि बरोबर सहाला हातात चहाचा कप घेऊन रेक्टर रेगे बाई यायच्या आणि बादल्या मोजायच्या.

पूर्वी संध्याकाळी हजेरी असायची म्हणे. पण एकीच्या नावाला दुसरीच आवाज बदलून 'हजर' म्हणायची. रेगे बाईंनी आल्या आल्या ती हजेरीच बंद केली. "आवाज कुणाचाही काढता येतो," त्या म्हणायच्या, "दुसरीची आंघोळ कुणी करत नाही." मोजणीत बादली कमी आली की त्या मुलीचं नाव पुकारायचं, नाही सापडली की त्याच दिवशी तिच्या घरी पत्र. ह्या मोजणीपायी पोरींनी त्यांचं नाव 'गिनती' ठेवलं होतं. बाई कोकणातल्या, एकट्या, पन्नाशीच्या. बोलणं इतकं मोजकं की समोरच्यालाच आपण जास्त बोलल्याची लाज वाटावी.

माझा तर त्यांच्यावर वेगळाच दात होता. मी पहिल्या वर्षाला असताना माझी आई जिंतूरहून एसटीनं शहरात आली होती. डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, एका डोळ्याला हिरवी पट्टी. गावी परत जाताना मला पाच मिनिटं बघून जावं म्हणून गेटवर आली. वार होता बुधवार. भेटायचा वार रविवार, चार ते सहा. बाईंनी तिला परत पाठवलं. मला कळलं तेव्हा ती रस्त्याला लागली होती. मी खिडकीतून हाका मारल्या, पण तिला कुठून आवाज येतोय ते कळेना. भलत्याच खिडकीकडं बघून तिनं हात हलवला आणि गेली. त्या दिवसापासून रेगे बाईंचं नाव काढलं की माझं डोकं फिरायचं.

आता मंदीचं सांगते. मंदी माझी खोलीतली सोबतीण, केजकडची. वनस्पतिशास्त्राच्या एमएस्सीला. अभ्यासात अशी की प्रोफेसरही तिला विचारून घ्यायचे. पण घरी वडिलांचा शब्द म्हणजे दगडावरची रेघ. थोरल्या बहिणीला कुणीतरी कॉलेजातल्या मुलाशी बोलताना पाहिलं, तर अण्णांनी दुसऱ्या दिवशी तिचं सामान उचलून आणलं आणि महिनाभरात लग्न उरकलं. मंदीची सोयरीकही ठरली होती, मे महिन्यातली. तिला एवढीच मुभा होती की परीक्षा द्यायची आणि घरी यायचं. अशात दिल्लीच्या एका संशोधन संस्थेचं मुलाखतीचं पत्र आलं.

"अण्णांना विचारलंस तर?" मी म्हटलं.

"विचारलं तर परीक्षाही गेली," मंदी म्हणाली. "इंदे, एकदा जाऊन येते. नाही झालं तर गुमान बोहल्यावर चढते. पण न जाता नाही चढायची."

सुट्टीच्या अर्जावर वडिलांची सही लागायची. ती मिळणं शक्यच नव्हतं. मग आम्ही हिशेब मांडला. सोमवारी दुपारी निघायचं, गुरुवारी मुलाखत, शनिवारी संध्याकाळी परत. मधल्या सकाळी पाच. म्हणजे पाच बादल्या. जेवणाचं कुणी विचारलं तर सांगायचं, प्रयोगशाळेत आहे, डबा तिकडंच नेते. परीक्षा तोंडावर होती, कुणाला कुणाकडं बघायला सवड नव्हती. बाकी पोरींना सांगायचं नाही, कारण आमच्याकडं एकीला सांगितलं की चौसष्टजणींना वेगळं सांगावं लागत नसे.

मंगळवारी बाई आल्या, मोजून झालं, "चौसष्ट" म्हणाल्या आणि गेल्या. माझा जीव भांड्यात पडला. पण नंतर लक्षात आलं, ह्या भरलेल्या बादलीचं करायचं काय? न्हाणीत ओतावी तर बाहेर पोरी ताटकळलेल्या, आतून नुसतं भसकन पाणी गेल्याचा आवाज आला की ओरडल्या असत्या. एकेका तांब्यावरून तिथं भांडणं व्हायची! दुसरीला द्यावी तर ती विचारणार, मंदीचं पाणी तू का वाटतेस? शेवटी बादली उचलून मी न्हाण्यांच्या मागं गेले. तिथं सगळा मुरूम. ओतलं असतं तर डबकं दिसलं असतं. पण भिंतीच्या आडोशाला रेगे बाईंचा कढीपत्ता होता, दीड पुरुष उंच, हिरवागार, आणि त्याला चांगलं खोल आळं केलेलं. आळ्यातली माती नेहमीच ओली. मी बादली आळ्यात उपडी केली, पाणी जिरलं, कुणाला काही कळायचं कारण नव्हतं. स्वतःच्या हुशारीवर मी बेहद्द खूश झाले.

त्या झाडाचं एक पुराण होतं. बाईंनी ते माहेरच्या परसातून रोप म्हणून आणलेलं, मांडीवर डबा ठेवून, दोन गाड्या बदलून. आमच्या मुरमाड जमिनीत ते जगेल असं कुणाला वाटलं नव्हतं. बाईंनी भांडी धुतलेलं, भाज्या धुतलेलं पाणी घालून ते वाढवलं. रोज सकाळी स्वतःच्या हातानं चार काड्या तोडून मेसमध्ये पाठवायच्या, वरणाच्या फोडणीला. आणि आम्ही काय करायचो? सगळ्याजणी तो कढीपत्ता बोटानं काढून ताटाच्या कडेला ठेवायचो. बाई जेवणाच्या वेळी फेरी मारताना ती पानं बघायच्या. बोलायच्या नाहीत, पण बघायच्या.

बुधवारी तेच केलं. गुरुवारीही तेच. गुरुवारी वरणात कढीपत्ता नव्हता. कुणीतरी म्हणालं, "आज गिनतीनं काड्या मोजायला घेतल्या असतील, संपल्या नाहीत अजून." सगळ्या हसल्या, मीही हसले.

शुक्रवारी सकाळी साडेआठला शिपाई ओरडत आला, "सतरा नंबर! घुगे! व्हिजिटर!"

मी तशीच गेले. भेटीच्या खोलीत मंदीचे अण्णा बसलेले, पांढरा फेटा, हातात काठी. बाहेर जीप उभी, ती बघूनच शिपायानं त्यांना आत घेतलं असावं.

"इंदूबाई, मंदी कुठाय? बस्ता बांधाया आलोय. म्हटलं, शालू तिच्याच पसंतीचा घ्यावा. बोलवा तिला."

"अण्णा, आंघोळीला गेलीय."

"जाऊ द्या. बसतो की मी."

बसले. मी उभी. भिंतीवर घड्याळ होतं, त्याच्याकडं बघायचं नाही असं ठरवूनही मी त्याच्याचकडं बघत होते. दहा मिनिटं झाली, वीस झाली. अण्णांनी पान लावलं, खाल्लं. मग म्हणाले, "एवढा येळ आंघोळीला? तब्येत बरी हाय ना पोरीची? का दुसरंच काही हाय?" आणि माझ्याकडं असं बघितलं की सगळं भडाभडा बोलून मोकळं व्हावं. खरंच सांगते, मी तोंड उघडलंही होतं.

तेवढ्यात रेगे बाई दारात आल्या.

"हिला इथं कुणी बोलावलं?"

"मी बोलावलं बाई," अण्णा उठून उभे राहिले. "मी घुगे, मंदाकिनीचा बाप. पोरगी आंघोळीला गेली म्हणती ही. अर्धा तास झाला."

बाईंनी माझ्याकडं पाहिलं. मी जमिनीकडं पाहिलं. आता संपलं, एवढंच मनात होतं. अण्णा तिला शोधायला दिल्लीला जाणार नाहीत, नुसतं सामान उचलतील. परत आल्यावर मंदीला ह्या खोलीत पाय ठेवायला मिळणार नाही.

"आज वार कोणता?" बाई म्हणाल्या.

"शुक्रवार."

"भेटीचा वार रविवार. चार ते सहा."

अण्णांना आधी कळलंच नाही. मग कळलं. "अहो बाई, मपल्या पोरीला भेटाया मला रविवार कशाला लागतोय? मी काय परका हाय का?"

"परक्यांना तर रविवारीही भेटता येत नाही. हा नियम आईवडिलांसाठीच आहे."

"तालुक्यात कलेक्टरसुद्धा मला खुर्ची देतो!"

"मीही दिली आहे. बसला होतात ना?"

अण्णांनी काठी आपटली. "एका बापाला दारातून परत धाडता? असं कुठं असतंय?"

"इथं असतं," बाई शांतपणे म्हणाल्या आणि माझ्याकडं बोट केलं. "हिची आई बुधवारी आली होती. डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, पट्टी होती डोळ्याला. पाच मिनिटं मागत होती. मी गेटवरून परत पाठवली. विचारा हिला."

अण्णा माझ्याकडं वळले. "खरं व्हय गं?"

दोन वर्षं जी गोष्ट माझ्या घशात अडकून बसली होती, ती त्या क्षणी मला मंदीसाठी साक्ष म्हणून द्यावी लागली. "खरंय अण्णा," मी म्हणाले, आणि माझे डोळे भरून आले. ते काही नाटक नव्हतं. बहुतेक त्या डोळ्यांनीच काम केलं.

अण्णांनी काठी काखेत घेतली. मग हळूच म्हणाले, "लई कडक हायेत बाई तुम्ही." आणि त्यात, काय सांगू, कौतुक होतं. "बरंय. पोरी कडक हाताखाली हायेत ते बरंच हाय. पाव्हण्याकडं मुक्काम करतो, रविवारी येतो." धपाट्यांचं गाठोडं माझ्या हातात देऊन ते जीपमध्ये बसले.

मला वाटलं, बाई आता मला धरणार. पण त्या नुसतं "तासाला जा" म्हणाल्या आणि गेल्या. मी स्वतःची समजूत घातली, की बाईला काही कळलेलं नाही. नियमाचं खूळ आहे तिच्या डोक्यात, तेच नशिबानं आज कामाला आलं. शनिवारी पाचवी बादली आळ्यात गेली. संध्याकाळी मंदी आली, धुळीनं माखलेली, डोळे खोल गेलेले, आणि खोलीत आल्या आल्या माझ्या गळ्यात पडली.

"कशी झाली?"

"बरी झाली. पंचवीसजण होते, चार घेणार."

रविवारी सकाळी मंदी खूप दिवसांनी स्वतःची बादली स्वतः घेऊन न्हाणीकडं गेली. आली ती केस पुसायचं विसरून. "इंदे, बाईंच्या कढीपत्त्याला काय झालंय गं? पानं पार करपून गळालीत, खोडाशी साल सुटलीय. ह्याच्या मुळाशी कुणीतरी उकळतं पाणी घातलंय. एकदा नाही, चार-पाचदा."

शेतकऱ्याची पोर मी! उकळत्या पाण्यानं झाड मरतं, हे काय मला पुस्तकात वाचायला हवं होतं? पण त्या पाच सकाळी मला बादली रिकामी करायची होती, बस्स. झाडाकडं मान वर करून मी एकदाही बघितलं नव्हतं.

मंदीला काही न सांगता मी मागं गेले. बाई झाडाखाली उभ्या होत्या, वाळकी पानं ओच्यात गोळा करत.

"बाई, हे मी केलं."

"माहीत आहे."

"कधीपासून?"

"मंगळवारपासून." त्यांनी वरच्या खिडकीकडं मान केली. "ती माझ्या स्वयंपाकघराची खिडकी. मी दुसरा चहा गाळत होते. मंगळवारी वाटलं, मुलगी वेंधळी आहे. बुधवारी पुन्हा आलीस, तेव्हा बादलीवरचं नावाचं अक्षर बघितलं. आणि दिल्लीचा लिफाफा माझ्याच हातून तिच्याकडे गेला होता. टपाल माझ्याकडे येतं, विसरलात वाटतं दोघी."

"मग बाई, तुम्ही मला दुसरीकडं ओत म्हणून का नाही सांगितलं? नुसतं खिडकीतून ओरडला असता तरी..."

"निदान विसण घालून गार करून ओतलं असतंस तरी जगलं असतं," त्या म्हणाल्या. मग ओच्यातली पानं चाचपत राहिल्या. "सांगितलं असतं, तर मला माहीत आहे असं झालं असतं. रेक्टरला माहीत झालं की मुलीच्या घरी पत्र टाकावं लागतं. त्याच दिवशी."

मला रडू फुटलं. रडता रडता राग आला, आणि नको ते तोंडातून गेलं. "माझ्या आईला मात्र पाच मिनिटं नाही दिलीत."

बाईंनी खाली वाकून आणखी एक पान उचललं. "तिला आत घेतलं असतं, तर परवा घुगेंना काय सांगणार होते मी?"

"तेव्हा तुम्हाला परवाचं थोडंच ठाऊक होतं?"

"नव्हतं," त्या म्हणाल्या. "ते खरं."

एवढंच. त्यांनी माफी मागितली नाही आणि मला त्यांचं म्हणणं पुरतं पटलं नाही. आज माझी सून मला आजी करून मोकळी झाली, तरी पटलेलं नाही. पण त्या दिवशी माझा दात मात्र गेला, तो कायमचा.

"मुलाखत कशी झाली तिची?" त्यांनी विचारलं.

"बरी झाली म्हणते. चारच घेणार आहेत."

"होईल तिचं," बाई म्हणाल्या.

आणि झालं. त्या दुपारी चारला अण्णा आले, लेकीला घेऊन गेले, मोरपंखी शालू पसंत झाला. एप्रिलमध्ये दिल्लीचं पत्र आलं. घरात काय रणकंदन झालं ते मंदीनं मला कधी नीट सांगितलं नाही. अण्णा दोन वर्षं तिच्याशी बोलले नाहीत, आणि तो शालू शेवटी धाकटीच्या अंगावर चढला. झाड काही वाचलं नाही. पावसाळ्यात फुटेल म्हणून बाईंनी वाट बघितली, मग एक दिवस गिरजाबाईनं ते तोडून चुलाणात घातलं.

पण हे सगळं नंतरचं. त्या रविवारी बाईंनी झाडावर शोधून शोधून एक काडी काढली, शेंड्याजवळची, तेवढीच काय ती हिरवी राहिली होती. माझ्या हातात दिली. "मेसमध्ये नेऊन दे. आज वरणात घाला म्हणावं."

दुपारी मंदी माझ्यासमोर जेवायला बसली होती. चौसष्टजणींच्या वरणात एक काडी ती किती पुरणार? पण माझ्या वाटीत दोन पानं आली आणि तिच्या वाटीत एक. मंदीनं सवयीनं पान बोटानं उचललं आणि ताटाच्या कडेला ठेवायला लागली. बाई फेरी मारत आमच्या ओळीशी आल्या होत्या.

"खा ते," मी म्हणाले.

"काय?"

"कढीपत्ता. खा म्हणते ना."

"वेडी झालीस काय गं?" मंदी हसली. पण माझ्या तोंडाकडं बघून तिनं ते पान तोंडात टाकलं. मीही माझी दोन्ही चावली. कडसर होती, चोथा झाला तरी मी चावत राहिले. बाई आमच्या ताटांकडं बघून पुढं गेल्या.